मुंबईतील रस्त्यावरच्या कुत्र्यांची हिवाळ्यातील निगा

मुंबईतील रस्त्यावरच्या कुत्र्यांची हिवाळ्यातील निगा म्हणजे गल्लीत, चाळीच्या आवारात, बाजारात किंवा दुकानांच्या आडोशाने राहणाऱ्या कुत्र्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोरडी जागा, ऊब आणि पुरेसा आहार मिळावा यासाठी केली जाणारी व्यवस्था होय. मुंबईचा हिवाळा सौम्य असल्याने अशा व्यवस्थेची गरज नाही, असा सर्वसाधारण समज आहे. निरोगी व प्रौढ कुत्र्यांच्या बाबतीत तो बहुतांशी खराही आहे. मात्र नवजात पिल्ले, वृद्ध कुत्री, खरजेमुळे अंगावरचे केस गेलेली कुत्री आणि भिजलेली किंवा आजारी कुत्री यांना मुंबईतील रात्रीचा गारवाही घातक ठरू शकतो. गिरगाव, दादर, परळ व लालबाग या दाट वस्तीच्या भागांत कुत्र्यांचा व माणसांचा वावर एकाच जागी असल्याने ही निगा प्राणिदयेइतकीच शेजारधर्माशी व सार्वजनिक आरोग्याशीही निगडित आहे.

हवामान

मुंबई समुद्रकाठी असल्याने तेथील तापमानात टोकाचे चढउतार होत नाहीत. जानेवारी महिन्यातील सरासरी किमान तापमान कुलाबा येथे सुमारे १९ अंश, तर सांताक्रुझ येथे सुमारे १७ अंश सेल्सियस असते. सांताक्रुझ येथे जानेवारी १९६२ मध्ये नोंदवलेले ७.४ अंश सेल्सियस हे शहरातील नीचांकी तापमान मानले जाते. दक्षिण मुंबई तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली असल्याने गिरगाव-कुलाबा भागातील रात्री उपनगरांच्या तुलनेत उबदार असतात.

या हवामानाचा विचार करताना दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली बाब म्हणजे दिवस व रात्र यांच्या तापमानातील तफावत. जानेवारीत दुपारचे तापमान अनेकदा ३० अंशांच्या वर जाते आणि पहाटे ते बारा ते पंधरा अंशांनी खाली येते. त्यामुळे थंड प्रदेशातील उपाय मुंबईत जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पहाटे उपयोगी पडणारे गरम कपडे दुपारी त्रासदायक ठरतात. दुसरी बाब म्हणजे जमिनीचा गारवा. सिमेंटचे रस्ते, लादीचे ओटे व फरशा रात्री लवकर थंड होतात. त्यांवर झोपलेल्या प्राण्याच्या शरीरातील उष्णता हवेपेक्षा जमिनीकडे अधिक वेगाने जाते. पहाटे रस्ते व बाजार धुण्याची पद्धत असलेल्या ठिकाणी या गारव्यात ओलाव्याची भर पडते.

शरीरातील उष्णतेचे नियमन

निरोगी प्रौढ कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणतः ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. भोवतालचे तापमान सुमारे २० ते ३० अंश असेपर्यंत शरीराला ऊब टिकवण्यासाठी विशेष ऊर्जा खर्च करावी लागत नाही. तापमान त्याखाली गेले की कुत्रे अंगाचे वेटोळे करून नाक शेपटीखाली घेते, केस फुलवते व गरज पडल्यास थरथरते. थरथरण्याने स्नायूंमध्ये उष्णता निर्माण होते. परंतु त्यासाठी अन्न खर्ची पडते. म्हणून उपाशी कुत्र्याला थंडी अधिक बाधते.

मुंबईच्या रस्त्यांवर प्रामुख्याने आढळणारे देशी कुत्रे उष्ण हवामानाला अनुकूल असते. त्याचे केस आखूड असून, थंड प्रदेशातील जातींमध्ये आढळणारा दाट आतला लोकरी थर त्याच्या अंगावर विरळ असतो. केस कोरडे असताना त्यांत अडकलेली हवा उष्णतेला अटकाव करते. केस भिजले की हा अटकाव नाहीसा होतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने १८ अंश तापमानात कोरडे कुत्रे सुखाने झोपू शकते. भिजलेले कुत्रे मात्र थरथरत राहते. यामुळेच मुंबईतील निगेचे पहिले सूत्र ‘उबेआधी कोरडेपणा’ हे आहे.

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या खाली गेल्यास ती गारठण्याची अवस्था समजली जाते. प्रारंभी थरथर, सुस्ती व अडखळती चाल ही लक्षणे दिसतात. तापमान आणखी घटल्यास थरथर थांबते, हिरड्या फिकट पडतात, श्वास मंदावतो आणि प्राणी बेशुद्ध होऊ शकतो. थरथर आपोआप थांबणे आणि त्याच वेळी प्राणी निपचित पडणे हे सुधारणेचे नव्हे, तर धोक्याचे चिन्ह होय.

विशेष जोखमीचे गट

नवजात पिल्ले: भारतातील रस्त्यावरच्या कुत्र्यांचा समागमाचा मुख्य काळ पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून सुरू होतो. गर्भावस्था सुमारे ६३ दिवसांची असल्याने बहुसंख्य पिल्ले ऑक्टोबर ते जानेवारी या काळात, म्हणजे ऐन थंडीत जन्माला येतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या शरीराचे तापमान केवळ ३५ ते ३७ अंश असते व त्याला थरथरून ऊब निर्माण करता येत नाही. या काळात त्याला भोवताली सुमारे २९ ते ३२ अंश तापमान लागते. मुंबईतील हिवाळ्याची रात्र त्याहून दहा-बारा अंशांनी थंड असते. ही तूट आईच्या अंगाची ऊब व भावंडांची दाटी यांतून भरून निघते. अन्नाच्या शोधात आईला दीर्घकाळ दूर राहावे लागले किंवा एखादे पिल्लू घोळक्यातून बाजूला पडले, तर काही तासांत ते दगावू शकते.

वृद्ध कुत्री: वयामुळे स्नायू झडलेल्या कुत्र्यांना ऊब टिकवणे कठीण जाते. सांधेदुखी असल्यास पहाटे उठताना ती लंगडतात, जिने चढणे टाळतात व चिडचिडी होतात.

खरजेची कुत्री: सूक्ष्म किडींमुळे होणाऱ्या खरजेत केस झडतात, त्वचा जाड होते व भेगाळते. अशा कुत्र्याला केसांचे संरक्षण उरत नाही. त्याची खरी निगा म्हणजे पशुवैद्याकडून खरजेवर उपचार. उबदार अंथरूण ही केवळ जोड होय.

निवारा

रस्त्यावरचे कुत्रे आपला निवारा बहुधा स्वतःच शोधते. बेकरीच्या भट्टीलगतची भिंत, जिन्याखालची पोकळी, वाळूचा ढीग, सिमेंटची रिकामी पोती, नुकत्याच थांबलेल्या गाडीचा खालचा भाग अशा जागा ते निवडते. निगा राखणाऱ्याने प्रथम कुत्रे कोठे झोपते याचे निरीक्षण करावे आणि शक्यतो तीच जागा सुधारावी. नव्या जागी ठेवलेली सुबक पेटी कुत्रे अनेकदा वापरत नाही.

निवारा तयार करताना पुढील बाबी पाहाव्यात:

पेटी मोठी नसावी. कुत्रे आत वळू शकेल व वेटोळे करून झोपू शकेल एवढीच जागा पुरेशी असते. अतिमोठ्या पेटीतील हवा कुत्र्याच्या अंगच्या उबेने तापत नाही.

पेटीचा तळ विटांवर किंवा फळ्यांवर ठेवून जमिनीपासून चार बोटे तरी उंच असावा. त्यामुळे लादीचा गारवा व धुण्याचे पाणी या दोहोंपासून बचाव होतो.

तोंड अरुंद असावे व वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला असावे. मुंबईत हिवाळी रात्री वारा प्रायः जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तर पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून येतो. तथापि चाळींच्या गल्ल्यांत इमारतींमुळे वाऱ्याची दिशा बदलते. म्हणून प्रत्यक्ष जागेवर रात्री उभे राहून ती पाहणे उत्तम.

लाकडी खोका, जुन्या टेबलाचा सांगाडा किंवा प्लास्टिकचे कापलेले पिंप यांपासून पेटी करता येते. मासळी बाजारात मिळणारे थर्माकोलचे खोके ऊब उत्तम राखतात. परंतु पिल्ले ते कुरतडून गिळतात. म्हणून त्यांचा वापर फक्त बाहेरच्या थरासाठी करावा.

पेटी जिन्यात, दरवाजासमोर, अग्निशमनाच्या वाटेत किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ ठेवू नये.

अंथरूण

स्वस्त व सहज मिळणारे अंथरूण म्हणजे गोणपाट. कोरडे असेपर्यंत ते चांगली ऊब देते. मात्र ओले झाल्यास लवकर वाळत नाही व त्याला कुबट वास येतो. त्यामुळे दोन गोणपाट ठेवून ते आलटून पालटून उन्हात वाळवणे सोयीचे. भाताचा सुका पेंढा गोणपाटापेक्षाही उपयुक्त असतो. त्याच्या पोकळ काड्यांत हवा साठते, कुत्र्याला त्यात अंग रुतवून बसता येते आणि ओलावा खाली झिरपतो. वर्तमानपत्रांचा जाड थर तळाशी घातल्यास गारवा रोखला जातो.

जुन्या सतरंज्या, गोधड्या व स्वेटर देताना एक दक्षता आवश्यक असते. ट्रंकेत किंवा कपाटात ठेवलेल्या कपड्यांत बहुधा डांबराच्या गोळ्या घातलेल्या असतात. या गोळ्या कुत्र्यांना विषारी असतात. असे कपडे धुऊन, दोन-तीन दिवस उन्हात वाळवून, गोळी उरली नसल्याची खात्री करूनच वापरावेत. अंथरूण आठवड्यातून एकदा झटकून उन्हात घालावे. अन्यथा त्यात पिसवा व गोचिडी वाढतात.

अंगावरचे कपडे

कुत्र्यांना स्वेटर किंवा जाकीट घालण्याची पद्धत अलीकडे शहरात वाढली आहे. निरोगी प्रौढ देशी कुत्र्याला मुंबईत त्याची गरज भासत नाही. वृद्ध, आजारी किंवा केस झडलेल्या कुत्र्याला रात्रीपुरते सैल सुती जाकीट घालता येते. मात्र ते रोज सकाळी काढणारी व रात्री पुन्हा घालणारी जबाबदार व्यक्ती असणे ही त्याची अट होय. दिवसा तेच जाकीट अंगावर राहिल्यास कुत्र्याला उष्म्याचा त्रास होतो. भिजलेले जाकीट नुसत्या अंगापेक्षा अधिक गारठा देते. घट्ट कपड्याने काखेत व मानेवर जखमा होतात. वाढत्या पिल्लाच्या बाबतीत गळपट्टा किंवा जाकीट काही आठवड्यांत रुतू लागते. रोज पाहणारे कोणी नसेल तेथे कपडे घालण्यापेक्षा पेंढ्याची पेटी ठेवणे अधिक हिताचे ठरते.

आहार व पाणी

थंडीत शरीराला अधिक ऊर्जा लागते. दूध पाजणाऱ्या मादीची गरज तर नेहमीच्या दुपटीहून अधिक असते. तिला पिल्लांपासून फार काळ दूर राहावे लागू नये म्हणून पिल्लांच्या जागेजवळच अन्न देणे हा नवजात पिल्ले वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय होय. भात व त्यात शिजवलेले मांसाचे तुकडे किंवा अंडी हा सोपा व पुरेसा आहार आहे. अन्न कोमट द्यावे, संध्याकाळी ठरावीक वेळी द्यावे आणि उरलेले तत्काळ उचलावे. उघड्यावर पडलेल्या अन्नाने उंदीर वाढतात व शेजाऱ्यांचा रोष ओढवतो.

कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही कुत्र्यांना अपायकारक असतात. प्रौढ कुत्र्यांना व पिल्लांना गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होऊ शकतात. जुलाबाने अंगातील पाणी घटले की थंडीचा त्रास वाढतो. हिवाळ्यातही स्वच्छ पाण्याचे भांडे भरलेले ठेवावे.

गारठलेल्या पिल्लाचे प्रथमोपचार

घोळक्यापासून दूर पडलेले पिल्लू हाताला गार लागत असेल, तर प्रथम त्याला कोरडे करावे व मऊ कापडात गुंडाळून अंगाशी धरावे. सुमारे ४० अंशांचे कोमट पाणी भरलेली बाटली टॉवेलात गुंडाळून त्याच्या छाती-पोटाशी ठेवावी. बाटली थेट त्वचेला लावू नये, कारण अशक्त पिल्लू तिच्यापासून दूर सरकू शकत नाही व भाजते. ऊब दोन-तीन तासांत हळूहळू द्यावी. हेअर ड्रायर किंवा शेगडीने एकदम तापवू नये.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. शरीराचे तापमान सुमारे ३४.५ अंशांखाली गेल्यास आतड्यांची हालचाल थांबते, दूध पचत नाही आणि श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावू शकते. कळवळ्याने लगेच दूध पाजणे ही या प्रसंगी सर्वाधिक घडणारी चूक आहे. पिल्लू उबदार झाले, हालचाल करू लागले की ते आईजवळ ठेवावे. आई जवळपास असताना पिल्ले उचलून नेऊ नयेत. पिल्लांजवळ जाताना सावकाश व एका बाजूने जावे, कारण एरवी शांत असणारी मादीही या काळात चावू शकते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्वरित रुग्णालयात रेबीजप्रतिबंधक लस घ्यावी.

वाहनांचा धोका

थंडीच्या रात्री कुत्री व मांजरे उभ्या गाडीखाली आणि चाकांच्या आड झोपतात. इंजिनाची ऊब हे त्याचे एक कारण. पहाटे गाडी सुरू करून लगेच पुढे नेल्यास पिल्ले चिरडली जातात. उद्योगपती रतन टाटा यांनी जुलै २०२३ मध्ये पावसाळ्याच्या संदर्भात समाजमाध्यमावरून गाडीखाली पाहूनच ती सुरू करण्याचे आवाहन केले होते. हिवाळ्यालाही ते तितकेच लागू पडते. गाडीचे बॉनेट हाताने थोपटणे, खाली वाकून पाहणे आणि इंजिन सुरू केल्यावर काही क्षण थांबणे एवढी काळजी पुरेशी असते.

टाळावयाच्या गोष्टी

खरजेवर जळके इंजिन तेल किंवा रॉकेल चोळण्याचा प्रघात काही ठिकाणी आढळतो. त्याने त्वचा भाजते आणि कुत्रे अंग चाटत असल्याने ते पोटात जाऊन विषबाधा होते. माणसांच्या वेदनाशामक व तापाच्या गोळ्या पशुवैद्याच्या सल्ल्याविना देऊ नयेत. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला वा जठराला इजा होऊ शकते. कुत्र्यांसाठी शेकोटी पेटवून ती तशीच सोडून जाणे, पेटीत विजेचा दिवा उघड्या तारेने जोडणे आणि पेटी प्लास्टिकने सर्व बाजूंनी बंद करणे हेही धोकादायक आहे. हिवाळ्यात कुत्र्यांना स्नान घालणे टाळावे. आवश्यक असल्यास ते दुपारच्या उन्हात घालून अंग पूर्ण वाळवावे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

रस्त्यावरच्या कुत्र्यांना सांभाळण्याची मुंबईतील परंपरा जुनी आहे. जून १८३२ मध्ये शासनाच्या आदेशाने बेवारस कुत्री मारण्याची मोहीम सुरू असता तिच्या विरोधात फोर्ट भागात दंगल उसळली. प्रत्येक मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्याने पाळीव कुत्रीही मारली जात असल्याची तक्रार होती. झरतुष्ट्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असल्याने पारशी समाज या विरोधात अग्रभागी होता. या घटनेनंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व शहरातील गुजराती व्यापारी यांच्या पुढाकाराने गिरगावनजीक भुलेश्वर परिसरात पांजरपोळ स्थापन झाली.

१८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत सुरू झाली. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिले. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये त्याच परिसरात सुरू झाले. मध्य मुंबईतील जखमी व आजारी कुत्र्यांसाठी हे रुग्णालय आजही प्रमुख आधार आहे. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा न्यासाने लहान प्राण्यांसाठी रुग्णालय सुरू केले. फोर्टमधील ‘बॉम्बे हाउस’ या टाटा समूहाच्या मुख्यालयात २०१८ च्या नूतनीकरणावेळी परिसरातील रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली राखण्यात आली. मोठ्या आस्थापनेने आपल्या दारातील कुत्र्यांना आडोसा देण्याचे ते सर्वपरिचित उदाहरण आहे.

मराठी लोकजीवनातही कुत्र्याला स्थान आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री दाखवली जातात आणि खंडोबासोबतही कुत्रे असते. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे थंडीच्या दिवसांतच येते.

कायदेशीर बाजू व शेजारधर्म

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. त्यातील पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड केवळ १० ते ५० रुपये आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे वा अपंग करणे यासाठी मात्र पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम प्रथम २००१ मध्ये व सुधारित स्वरूपात २०२३ मध्ये लागू झाले. त्यांनुसार कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडले जाते. कानाला पाडलेली खाच ही निर्बीजीकरणाची खूण असते. अन्न देण्याची जागा जिने, प्रवेशद्वारे व मुलांच्या क्रीडांगणापासून दूर असावी, मुले व ज्येष्ठ नागरिक यांच्या वर्दळीचा विचार करून वेळ ठरवावी आणि अन्न देणाऱ्याने स्वच्छता राखावी, असे २०२३ चे नियम सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवून दिलेल्या जागीच अन्न देण्याविषयी निर्देश दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आणि पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला. परळसारख्या रुग्णालयबहुल भागात याला विशेष महत्त्व आहे. अशा आवारात पेट्या किंवा अन्न ठेवू नये.

मुंबई महानगरपालिकेच्या २०१४ च्या गणनेत शहरात ९५,१७२ रस्त्यावरची कुत्री आढळली होती. एवढ्या संख्येला पेट्या पुरवणे शक्य नाही व आवश्यकही नाही. थंडीत दगावणाऱ्या पिल्लांची संख्या कमी करण्याचा टिकाऊ मार्ग म्हणजे पावसाळा संपण्यापूर्वी माद्यांचे निर्बीजीकरण होय. चाळीत वा सोसायटीत कुत्र्यांना भिणारी मुले, वृद्ध व चावा घेतला गेलेल्या व्यक्ती असतात. त्यांचा आक्षेप निर्दयपणा मानणे उचित नाही. निवाऱ्याची जागा, अन्नाची वेळ, सफाईची जबाबदारी व लसीकरणाची नोंद या चार गोष्टी सर्वांच्या संमतीने ठरल्या, तर पेटी दुसऱ्या दिवशी फेकली जात नाही. आणि अखेर कुत्र्याची ऊब त्यावरच अवलंबून असते.

पावसाळ्यातील निगा

मुंबईतील कुत्र्यांना गारठ्याचा त्रास हिवाळ्याइतकाच जुलै-ऑगस्टमध्येही होतो, कारण त्या काळात अंग सतत ओले राहते. दादरचा हिंदमाता परिसर, परळ व लालबागचे सखल रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हा जमिनीवरील निवारे निरुपयोगी ठरतात. अशा वेळी उंच ओटा, फळी किंवा जिन्याचा पहिला टप्पा तात्पुरता मोकळा ठेवावा. तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हा रोग कुत्र्यांना व माणसांना, दोघांनाही होतो. त्यावर कुत्र्यांसाठी लस उपलब्ध आहे. हिवाळ्यासाठी केलेली उंच पेटी पावसाळ्यातही उपयोगी पडते. फक्त पेंढा वारंवार बदलावा लागतो.